मधुमेह : एका नावाचा इतिहास आणि मेदाचा विसर

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर बोलींतील रोगवाचक शब्द गोळा करीत असता प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात एक गोष्ट वारंवार आली. ज्या व्याधीला पुस्तकी मराठीत आपण ‘मधुमेह’ म्हणतो, त्या व्याधीचे नाव तेथे बहुधा कोणी उच्चारीत नाही. ‘त्यांना साखर आहे’ एवढेच म्हणतात. तरुण पिढी ‘शुगर’ म्हणते. दृष्टी अधू झाली तर ‘साखर डोळ्यांत उतरली’, पायाची जखम भरून येईना तर ‘साखरेने पाय खाल्ला’. रोग, त्याचे कारण आणि त्याचे परिणाम या तिहींना एकच शब्द पुरतो. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. अंशाने पूर्णाचा निर्देश करणे ही भाषेची जुनी खोडच आहे. परंतु अंशाचे नाव पूर्णाला दिले म्हणजे उरलेले अंश हळूहळू दृष्टीआड होतात. या व्याधीत दृष्टीआड झालेला अंश म्हणजे मेद होय. तो कसा दृष्टीआड झाला, आणि अलीकडच्या सहा-सात दशकांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून तो पुन्हा कसा समोर आला, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभ साखरेच्याच शब्दापासून केला पाहिजे, कारण त्या शब्दाच्या प्रवासाशी या किनाऱ्याचा संबंध आहे. संस्कृतात ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे, रेव, कंकर असा आहे. गोडीचा त्यात लवलेशही नाही. ऊस आटवून जो कणीदार पदार्थ निघतो त्याला त्याच्या रवाळपणावरून हे नाव मिळाले. आपल्या ‘खडीसाखर’ या शब्दात तो खडा दोनदा आला आहे, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरियाके आणि भडोच या बाजूंकडून आफ्रिकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या मालाची एक यादी आहे. तीत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, कापड यांच्याबरोबरच बोरूपासून होणाऱ्या आणि ‘साक्खारी’ म्हणविल्या जाणाऱ्या मधाचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात कल्याणच्या पुढील बंदर म्हणून ‘सेमुल्ला’ हे नाव येते. ते आपले चौल, असे विद्वान सामान्यतः मानतात. पुढे टॉलेमीने हे बंदर अरियाके प्रदेशातच गणलेले आहे. चौलच्या धक्क्यावरून साखरेच्या गोणी चढत असत असे यावरून सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. एवढे मात्र खरे की युरोपीय भाषांतील साखरवाचक शब्दांचे मूळ भारतीय ‘शर्करा’ या शब्दात आहे, आणि त्याचा हा प्राचीन उल्लेख याच किनाऱ्याच्या व्यापाराच्या वर्णनात सापडतो. साखर, तूप आणि तेल तेथे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेली आहेत, हेही लक्षात ठेवावे.

गंमत अशी की आयुर्वेदात ‘शर्करा’ हे मूत्ररोगाचेच एक नाव आहे. पण तो रोग वेगळा. सुश्रुताने अश्मरीच्या, म्हणजे मुतखड्याच्या, प्रकरणात मूत्रातून पडणाऱ्या बारीक रेवेला शर्करा म्हटले आहे. आज ‘लघवीत साखर जाते’ या वाक्याचे कोणी संस्कृतात शब्दशः भाषांतर केले, तर प्राचीन वैद्य मुतखड्यावरचे औषध देईल!

आता ‘मेह’ या शब्दाकडे वळू. ‘मिह्’ म्हणजे सिंचन करणे, मूत्रविसर्ग करणे. ‘प्र’ हा उपसर्ग लागून अतिशय व आविल मूत्रप्रवृत्ती असा ‘प्रमेह’ शब्दाचा अर्थ झाला. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे वीस प्रकार मानले आहेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा, वाताचे चार. बहुतेक नावे दृष्टांतावरून आलेली आहेत. मूत्र कशासारखे दिसते, कसे लागते, त्यावरून उदकमेह, इक्षुमेह, सुरामेह अशी नामावली होत जाते. मधुमेह हा या वीसांतील केवळ एक, तोही शेवटच्या, असाध्य अशा वातज गटातला. सर्व प्रमेह उपेक्षा झाली असता मधुमेहात परिणत होतात, असे सुश्रुताचे मत असल्यामुळे पुढे या एका नावाला महत्त्व आले.

या वातज गटाकडे मात्र बारकाईने पाहावयास हवे. चरकाच्या मते ते चार म्हणजे वसामेह, मज्जामेह, हस्तिमेह आणि मधुमेह. सुश्रुताने मज्जामेहाच्या ठिकाणी सर्पिर्मेह सांगितला आहे, आणि मधुमेहाला क्षौद्रमेह म्हटले आहे. वसा म्हणजे मांसातील स्नेह, मज्जा म्हणजे अस्थींतील स्नेह, सर्पि म्हणजे तूप. म्हणजेच मध ज्या पंक्तीत बसला आहे तिच्यात त्याचे दोन शेजारी स्निग्ध पदार्थ आहेत. ही केवळ योगायोगाची पंगत नव्हे, असे मला वाटते. चरकाने प्रमेहात बिघडणाऱ्या शरीरघटकांची जी गणना निदानस्थानात केली आहे, तिच्या अग्रभागी मेद आहे. आणि त्या मेदाला त्याने दोन विशेषणे दिली आहेत. एक ‘बहु’, दुसरे ‘अबद्ध’. पुष्कळ आणि न बांधलेला, सैल, जागेवर न ठरलेला. शिवाय चरकाच्या विमानस्थानात मेद वाहून नेणाऱ्या स्रोतसांचे मूळ वृक्क आणि वपावहन या ठिकाणी सांगितले असून, ती स्रोतसे दूषित झाल्याची लक्षणे म्हणून प्रमेहाच्या पूर्वरूपांचाच निर्देश केला आहे. थोडक्यात, प्राचीन वैद्यकात हा रोग नावाने मधाचा असला तरी स्वरूपाने मेदाचा होता. गोडी ही त्याची खूण होती; मुंग्या लागतात हे निरीक्षण नोंदलेले होते; पण खुणेला कोणी कारण मानले नव्हते.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अवश्य आहे. ‘अबद्ध मेद’ म्हणजे आजच्या जीवरसायनशास्त्रातील मुक्त मेदाम्ले, आणि मेदोवह स्रोतस म्हणजे केशवाहिन्या, अशी समीकरणे मांडणारे लेख आपल्याकडे पुष्कळ लिहिले जातात. असे करणे म्हणजे शब्दांच्या सादृश्यावरून वस्तूंचे ऐक्य ठरविणे होय. चरकापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता; त्याचे ‘स्रोतस’ हे वाहिनी, मार्ग, अवकाश यांना मिळून दिलेले व्यापक नाव आहे. त्याने मेदाला अग्रस्थान दिले ते स्थूल, आळसावलेल्या, दही-गूळ-नवान्न यांचे अतिसेवन करणाऱ्या रुग्णांच्या निरीक्षणावरून. ते निरीक्षण अचूक होते, एवढे त्याचे श्रेय पुरेसे आहे. त्याला नोबेल पारितोषिकाचा हक्कदार करण्याची आवश्यकता नाही.

मग मराठीत ‘प्रमेह’ हा व्यापक शब्द मागे का पडला? उत्तर ध्वनिपरिवर्तनात नसून अर्थपरिवर्तनात आहे. ‘प्रमेह’ शब्दाचा मराठी तद्भव म्हणजे ‘परमा’. हा शब्द आज पन्नाशीच्या पुढच्या माणसांना ठाऊक असतो, पण तो चारचौघांत उच्चारला जात नाही. कारण मराठीत परमा म्हणजे जननेंद्रियांचा संसर्गजन्य रोग, बाहेरख्यालीपणाचा पुरावा. मूत्रमार्गाच्या स्रावाशी निगडित असलेल्या शब्दाचा हा अर्थसंकोच स्वाभाविकच होता, परंतु त्याचा परिणाम दूरगामी झाला. तद्भवाची अपकीर्ती तत्समालाही चिकटली. कोणत्याही सभ्य गृहस्थास ‘तुम्हांस प्रमेह झाला आहे’ असे सांगणे वैद्याला जड जाऊ लागले. अशा स्थितीत ‘मधुमेह’ हा शब्द सोयीचा ठरला. त्यात ‘मेह’ आहे खरा, पण ‘मधु’च्या गोडव्याने तो झाकला जातो. लोकभाषेने तर ‘मेह’ टाकूनच दिला आणि निव्वळ ‘साखर’ ठेवली. १८७२ साली पनवेल येथे आयुर्वेदीय औषधांचा श्री धूतपापेश्वर हा कारखाना पुराणिक घराण्यातील वैद्यांनी उभारला. पुढे १९५५ मध्ये मुंबईत मधुमेहाच्या कार्यास वाहिलेली अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, तीही याच नावाने मराठी वाचकांसमोर आली. या सर्व काळात रोगाचे मराठी नाव अशा तऱ्हेने निवडले जात होते की गोडी शिल्लक राहावी आणि बाकीचे गळून पडावे.

युरोपातही निराळ्या मार्गाने हेच झाले. ग्रीक वैद्यांनी या व्याधीला दिलेले ‘डायबेटिस’ हे नाव वाहण्यावरून पडलेले आहे. पाणी शरीरात न थांबता आरपार जाते, एवढाच त्याचा अर्थ. १६७४ च्या सुमारास थॉमस विलिस याने रुग्णाच्या मूत्राची चव मधासारखी गोड असल्याचे लिहिले. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मूत्र आटवून त्यातून साखरेसारखा पदार्थ मिळविला, आणि रुग्णाच्या रक्तातील द्रवही गोड असल्याचे दाखविले. म्हणजे साखर मूत्राशयात तयार होत नाही, ती आधीपासून रक्तात असते. त्यानंतर ‘मेलिटस’, म्हणजे मधाळ, हे विशेषण नावाला कायमचे जोडले गेले. १८१५ मध्ये मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने ही साखर द्राक्षशर्करा असल्याचे ओळखले. योगायोग असा की हाच शेव्हरल मेदांच्या रसायनशास्त्राचा जनक होय. मेद म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांचा संयोग, हे त्याने सिद्ध केले आणि १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. साखर आणि मेद हे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते. ते एकमेकांत गुंफले जाण्यास मात्र आणखी सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला मधुमेह जडतो, हे दाखविले. जाता जाता सांगावयाचे तर, ‘स्वादुपिंड’ हा आपला शब्दही गोडीच्याच पकडीतला आहे. खाटकांच्या इंग्रजीत या अवयवाला जे नाव आहे त्यातही गोडवा आहे, आणि आमचा शब्द त्याचेच प्रतिबिंब असावा. मूळ ग्रीक नाव ‘पूर्ण मांसल’ एवढेच सांगते. या प्रयोगावर शतकानंतर, १९९२ मध्ये, डेनिस मॅक्गॅरी या जीवरसायनशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मार्मिक प्रश्न विचारला. मिंकोव्स्कीला चवच कळत नसती तर? त्याला मूत्राची गोडी जाणवली नसती, पण ॲसिटोनचा वास जाणवला असता, तर? ॲसिटोन हा मेदाच्या अपुऱ्या ज्वलनातून उत्पन्न होणारा पदार्थ. तेव्हा, मॅक्गॅरीच्या मते, आपण हा रोग मेदाच्या चयापचयाचा बिघाड म्हणून शिकलो असतो आणि साखर ही त्याची दुय्यम खूण ठरली असती. वरकरणी ही कल्पनेची क्रीडा वाटते. भाषाभ्यासकाला मात्र तिच्यात आपल्याच शास्त्राचा सिद्धान्त दिसतो. नाव देणाऱ्याच्या इंद्रियाला जे प्रथम जाणवते ते नावात शिरते, आणि नावात जे शिरते ते पुढच्या पिढ्यांच्या विचारात ठाण मांडून बसते.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रश्न या इतिहासात डोळ्यांच्या मार्गाने आला. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये नेत्राचा तळ पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले, आणि पाचएक वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलावरील विकृतींचे वर्णन केले. जिवंत माणसाच्या सूक्ष्म वाहिन्या उघड्या दिसाव्यात अशी शरीरात हीच एक सोयीची जागा. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी वृक्कातील केशवाहिन्यांच्या गुच्छांत आढळणाऱ्या गाठींचे वर्णन केले. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला आणि रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, तेव्हा डोळे, वृक्क आणि नसा यांच्या सूक्ष्म वाहिन्यांचा हा ऱ्हास व्याधीचे मुख्य दुःख होऊन बसला. १९९३ आणि १९९८ मध्ये अनुक्रमे अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन मोठ्या अभ्यासांनी रक्तशर्करा कसोशीने आटोक्यात ठेवली असता या विकृती लक्षणीय प्रमाणात कमी होतात हे सिद्ध केले. ब्रिटनच्या अभ्यासात ही घट २५ टक्के होती. साखरेचा दोष आहे, यात शंका उरली नाही. परंतु २५ टक्के म्हणजे सर्व नव्हे. उरलेल्याचे काय?

येथे आपल्या खाडीकाठच्या अनुभवाचा एक दृष्टांत उपयोगी पडेल. रायगडच्या खारबंदिस्तीत शेताला खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी बांध असतो, आणि त्या बांधाला उघाडी असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते. स्नायूंच्या आणि मेदपेशींच्या भिंतीला साखरेपुरती अशी एक उघाडी आहे. ती इन्सुलिनच्या हुकमतीने चालते, आणि रक्तात साखर वाढली तरी पेशी आपला प्रवाह काही अंशी आवरू शकते. केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे अंतःस्तराच्या, पेशींना ही सोय नाही. त्यांची साखर आत घेण्याची वाट बहुतांशी इन्सुलिनवर अवलंबून नसते आणि ती सहसा मिटत नाही. रक्तातील भरती तशीच पेशीत शिरते. साखर वाढली असता सर्व पेशींचे सारखे नुकसान न होता ठराविक पेशींचेच का होते, याचे उत्तर मायकेल ब्राउनली याने या भेदात शोधले. २००१ मध्ये मांडलेल्या त्याच्या उपपत्तीनुसार अतिरिक्त साखरेमुळे पेशीतील तंतुकणिकांमध्ये सुपरऑक्साइड हा दाहक घटक अधिक निर्माण होतो, आणि त्यातून हानीचे चार वेगवेगळे रासायनिक मार्ग एकदम खुले होतात.

आता मेदाकडे येऊ. १९६३ मध्ये केंब्रिजच्या फिलिप रँडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले की स्नायूत साखर आणि मेदाम्ले ही दोन इंधने परस्परांशी स्पर्धा करतात, मेदाम्ले अधिक जळू लागली की साखरेचा वापर मंदावतो. १९७७ मध्ये उपरोल्लिखित मॅक्गॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू उघड केली. साखर विपुल असली म्हणजे पेशीत मॅलोनिल कोएन्झाइम-ए हा पदार्थ वाढतो, आणि तो मेदाम्लांना तंतुकणिकेत नेणाऱ्या कार्निटीन पामिटोइल ट्रान्सफरेज या विकराला रोखून धरतो. सोप्या भाषेत, घरात साखर भरपूर आली की तेलाच्या कोठाराच्या दारावर पहारा बसतो. यकृताच्या बाबतीत ही व्यवस्था शहाणपणाची आहे. हवे तेव्हा साठवावे, हवे तेव्हा जाळावे. पण ज्या पेशीत साखरेची भरती ओसरतच नाही तेथे हा पहारा कायमचा होतो. मेदाम्ले आत येतात आणि दारातच अडकतात. न जळलेला मेद मग इतर रूपे घेतो. त्यांपैकी डायॲसिलग्लिसरॉल हे रूप विशेष उपद्रवी, कारण ते प्रोटीन कायनेज-सी या विकराला चेतविते. वाहिनीची भिंत पाझरणे, तिचा पाया जाड होणे, तिची आकुंचन-प्रसरणाची क्षमता बिघडणे या गोष्टींशी त्या विकराचा संबंध आहे.

२००२ साली इडो, कार्लिंग आणि रुडरमन यांनी अंतःस्तराच्या मानवी पेशी अतिशर्करायुक्त द्रवात वाढवून पाहिल्या. प्रथम मेदाम्लांचे ज्वलन मंदावले, मॅलोनिल कोएन्झाइम-ए आणि डायॲसिलग्लिसरॉल यांची निर्मिती वाढली, आणि ७२ तासांपर्यंत पेशींच्या मृत्यूचे प्रमाण वाढले. पेशीतील ऊर्जेची टंचाई ओळखणारे ए.एम.पी. कायनेज हे विकर औषधाने चेतविले असता ही हानी टळली. या प्रयोगाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. त्या पेशी नवजात अर्भकाच्या नाळेतील शिरेच्या होत्या, म्हणजे मोठ्या वाहिनीच्या. दृष्टिपटलाच्या केशवाहिनीत हुबेहूब हेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही. तथापि क्रम महत्त्वाचा आहे. मेदाच्या व्यवहारातील बिघाड पेशीच्या मृत्यूनंतरचा नव्हे, त्याच्या आधीचा ठरला.

या पेशी ऊर्जेसाठी मुख्यतः साखरेवरच जगतात, मग मेद न जळल्याने त्यांचे बिघडते काय, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई आणि तो वाजवी होता. २०१५ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील पीटर कार्मेलिए यांच्या प्रयोगशाळेने त्याला अनपेक्षित उत्तर दिले. अंतःस्तर पेशी मेदाम्ले जाळतात ती केवळ उष्णतेसाठी नव्हे. त्यांतील कार्बन वापरून त्या नव्या पेशींसाठी डी.एन.ए.चे घटक बनवितात. म्हणजे मेद हे येथे सरपण कमी आणि बांधकामाचे लाकूड अधिक. शिवाय रक्तातील स्निग्ध कणांचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरच बसलेले असते. शरीरातील मेदाचा एक मोठा व्यवहार या सूक्ष्म भिंतीवर चालतो. ती केवळ नळीची बाजू नाही, ती जकातीचे नाके आहे.

रुग्णांवरील अभ्यासांनी या चित्राला पुष्टी दिली, पण सरळ रेषेत नव्हे. फेनोफायब्रेट हे मूळचे रक्तातील मेद उतरविण्याचे औषध. ९,७९५ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ते घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्के रुग्णांना दृष्टिपटलावर प्रथमच लेझर उपचार करावे लागले, तर न घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्के रुग्णांना. हे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१० च्या अमेरिकन अभ्यासात स्टॅटिनच्या जोडीला हे औषध दिले असता चार वर्षांत दृष्टिपटलाची विकृती बळावण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये स्कॉटलंडमधील १,१५१ रुग्णांच्या अभ्यासातही लाभ दिसला. विशेष हे की हा लाभ रक्तातील मेदाच्या आकड्यांत झालेल्या घटीने पुरता उलगडत नाही. औषधाचा परिणाम वाहिनीच्या भिंतीतील मेदव्यवहारावरच होत असावा, असे अनेकांचे अनुमान आहे. रक्ताच्या चाचणीत दिसणारा मेद वेगळा आणि पेशीत अडकलेला मेद वेगळा, हे येथे ध्यानात घ्यावे.

या विषयाला महाराष्ट्राचे सर्वांत मोठे योगदान पुण्यातून झाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. स्नायू, पोट, उंची सर्वच बाबतींत आपली बालके लहान होती, परंतु त्वचेखालची चरबी तुलनेने कमी झालेली नव्हती. रोड तरीही मेदयुक्त असे हे बालक. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचाही शरीरभारांक २२.३, पण यूडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. नजरेला जे दिसते त्यावर विसंबू नये, याचा इतका विनोदी आणि इतका निर्विवाद पुरावा शास्त्रीय वाङ्मयात क्वचितच सापडेल. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद करून पहिला रोगी बहुधा कृश व दुसरा बहुधा स्थूल असतो असे म्हटले आहे. त्याच्या कृश रोग्याच्या शरीरात मेद दडलेला असतो, असे मात्र त्याने कोठे म्हटलेले नाही. ही भर विसाव्या शतकाची आहे.

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ. मासेमारीवर जाणारा, शिडशिडीत अंगाचा मनुष्य. त्याला साखर आहे हे तो मोकळेपणाने सांगतो. ‘तोंडात साखर पडो’ म्हणणाऱ्या समाजात साखरेचा आजार होण्यात कसली लाज? गोळी घेतो, आकडा पाहतो, आकडा बरा असला की निश्चिंत होतो. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मेदाचा बिघाड होत असेल हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे? ‘मेद’ हा शब्द त्याच्या बोलीत नाही. ‘वसा’ म्हटले तर त्याला व्रताचा वसा आठवतो. ‘स्निग्ध पदार्थ’ ही शाळेच्या पुस्तकातली भाषा. उरला ‘चरबी’ हा फारसीतून आलेला शब्द, आणि तो सर्वांना कळतो. पण मराठीत चरबी अंगावर ‘चढते’, ‘येते’, ‘उतरवावी लागते’. तिचा लाक्षणिक अर्थ माज. दिवसभर जाळे ओढणाऱ्या माणसाला ‘तुमच्यात चरबी आहे’ असे सांगणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. एका गावी मी शब्दसंग्रहाच्या निमित्ताने हा शब्द सहज उच्चारला, तेव्हा समोरच्या वृद्ध गृहस्थांनी आपले हाडकुळे मनगट पुढे करून विचारले, ‘मास्तर, हिच्यात कुठं दिसते ती?’

म्हणून या व्याधीच्या तीन संभाव्य नावांपैकी एक निर्लज्जपणाचे ठरले, एक उद्धटपणाचे, आणि जे निर्दोष होते तेच टिकले. प्रमेहाला परम्याने बुडविले, मेदाला चरबीने. अलीकडे ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द किनाऱ्यावर रुळला आहे. त्याला मराठीत कसलाही पूर्वेतिहास नसल्यामुळे तो अपमान न करता बोलता येतो, हे त्याच्या प्रसाराचे एक कारण असावे. पण तो शब्द रक्ताच्या चाचणीतल्या एका पदार्थाचा आहे. केशवाहिनीच्या पेशीत अडकून पडलेल्या मेदाम्लांना तो लागू पडत नाही. शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले, आणि त्या पठडीतील ‘मेदाम्ल’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. तो व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि अर्थदृष्ट्या नेमका आहे. अलिबागपासून मुरुडपर्यंत माझ्या संग्रहातल्या एकाही बोलणाऱ्याच्या तोंडून मात्र तो मी अद्याप ऐकलेला नाही.